कट्टरांचा शिरा

एका गाडीत चार मास्तर कोंबायचे आणि त्यांना रोज परभणीहून वालूरला न्यायचं-आणायचं, एवढं केलं की किस्से आपोआप तयार होतात. कुणी जमवायला जात नाही. सीटखाली शेंगांची टरफलं साचतात तसे ते साचत जातात, आणि एखाद्या दिवशी गाडी झाडायला घेतली की कळतं, अरे, केवढे झालेत!

गाडी जोशी सरांची. ते शाळेत मराठी शिकवतात, पण गाडी चालवताना जास्त शिकवतात. त्यांच्या शेजारी पीटीचे शिंदे सर, कारण त्यांचे पाय लांब. मागे गणिताच्या कदम मॅडम आणि मी. मी योसेफ साळवे, विज्ञानाचा मास्तर. गाडीतला एकुलता एक ख्रिश्चन. शाळेतलाही!

तर विषय निघाला माझ्या मुलाच्या फोनवरून. आमचा आशिष पुण्यात नोकरीला आहे. बोलता बोलता म्हणाला, "पप्पा, येशू मेलेल्यातून उठला वगैरे, हे तुम्ही शब्दशः मानता?"

मी म्हणालो, "मग काय अंदाजे मानू?"

तो म्हणाला, "मग पप्पा, तुम्ही फंडामेंटलिस्ट आहात!"

प्रेमानंच म्हणाला. पण मला काही चैन पडेना. टीव्हीवर हा शब्द आला की त्याच्या मागं धूर आणि बंदुका दिसतात. माझ्या घरात तर कुत्रं हाकलायला काठी नाही! खरी भीती वेगळीच होती. कट्टर माणसाच्या दारात लोक आपली पोरं पाठवत नाहीत, आणि माझा तर सगळा जन्म लोकांची पोरं समोर बसवण्यात गेलेला. उद्या ह्या लोकांनी मला तसं मानलं, तर मी करायचं काय?

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "मी कट्टर आहे का हो?"

जोशी सर म्हणाले, "हा काय प्रश्न झाला साळवे? लय!"

कदम मॅडम म्हणाल्या, "लय न्हाई. पण हायत."

शिंदे सर काहीच बोलले नाहीत. ते तसे कमीच बोलतात. पण पुरावे मात्र एकेक करून निघायला लागले.

*

पहिला पुरावा शिऱ्याचा.

जोशी सरांकडे श्रावणात सत्यनारायण असतो आणि सगळा स्टाफ जेवायला. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. वहिनींनी प्रसादाचा शिरा पुढं केला आणि मी हात जोडून "नको" म्हणालो.

कदम मॅडम लगेच मदतीला धावल्या. "सरांना शुगर असंल!"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण शुगर नव्हती, तर हो कसं म्हणू? मी म्हणालो, "शुगर नाही. दुसऱ्या देवाला दाखवलेला नैवेद्य मी खात नाही. बाकी जेवायला मी हक्कानं बसणार आहे."

वहिनींच्या हातातली वाटी तशीच. तेवढ्यात कोपऱ्यातून शिंदे सरांचा आवाज आला.

"मी पन न्हाई खात."

शिंदे सर महानुभाव पंथाचे. त्यांच्याकडेही दुसऱ्या देवाचा प्रसाद चालत नाही. आणि हा पहिलवान गडी इतकी वर्षं काय करत होता? दर सत्यनारायणाला पोट धरून बसत होता!

जोशी सर थक्क. "शिंदे! म्हंजे ते दर श्रावणात तुमचं पोट बिघडायचं ते..."

"पोट चांगलं हाय, सर."

"अहो, आणि आमच्या हिनं तुम्हाला वाटी वाटी ओव्याचा काढा पाजला त्याचं काय?"

"तो पेलो ना मी," शिंदे सर म्हणाले. "त्याला नैवेद्य दाखवलेला नव्हता!"

वहिनी ह्या बाबतीत आम्हा सगळ्यांपेक्षा शहाण्या. पुढच्या वर्षी त्यांनी नैवेद्य वगैरे काही नसलेला एक निराळा शिरा निराळ्या पातेल्यात केला, खास आम्हा दोघांसाठी. दोघांचाच, म्हणून तुपाला आणि काजूला हात सैल सोडलेला. जोशी सरांनी त्याचं नाव ठेवलं, "कट्टरांचा शिरा".

आता दरवर्षी ते पातेलं मोठं होत चाललंय. प्रसाद घेऊन झाला की हळूच सगळे तिकडं सरकतात. परवा तर स्वतः जोशी सर, सोवळं नेसलेले, वाटी घेऊन रांगेत माझ्या मागं उभे!

*

दुसरा पुरावा रविवारचा. रविवारी सकाळी मी चर्चला जातो आणि उपासना संपेपर्यंत दुसरं कुठलंही काम घेत नाही, मग शाळेत दहावीचे जादा तास असले तरी. हे हेडमास्तरांना पचायला वेळ लागला.

एकदा चिडून म्हणाले, "तुमचा देव काय रविवारीच ड्युटीवर असतो का?"

मी म्हणालो, "तो रोज असतो, सर. रविवारी मी असतो."

ते हसले आणि मला दुपारून यायची सूट मिळाली. लगेच जोशी सर उभे! "सर, मग मीसुद्धा दुपारूनच येतो."

"का? तुम्ही कधीपासून चर्चला जायला लागलात?"

"मी कुठं जातो सर! साळवेंना घेऊन गाडी मलाच आणायचीय न!"

*

तिसरा पुरावा हवेचा. हा सांगताना जोशी सरांना आजही राग येतो.

वाटेत एका टपरीवर गरम भजे तळत होते. आम्ही थांबलो, एक प्लेट झाली, दुसरी झाली, आणि शाळेला उशीर झाला. गाडीत बसल्यावर कदम मॅडम म्हणाल्या, "पंक्चर झालं म्हनू."

सगळे हो म्हणाले. मी म्हणालो, "मी नाही म्हणणार."

"तुमाला कोन बोलायला लावायलंय? गप उभं राहा!"

"आणि हेडमास्तरांनी मलाच विचारलं तर?"

ते मलाच विचारणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. साळवे खोटं बोलत नाही, ही माझी ख्याती, आणि तिचा भुर्दंड सगळ्या गाडीला!

जोशी सरांनी करकचून ब्रेक मारला. खाली उतरले, मागच्या चाकाशी बसले आणि किल्लीनं त्यातली हवा सोडून दिली. फुस्स! चाक जमिनीला टेकलं.

"घ्या! आता झालं ना खरं? आता तरी बोलाल?"

मग स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. दिवाळीपासून तशीच होती म्हणे! शेवटी शिंदे सर एका दुचाकीवाल्याच्या मागं चाक मांडीवर घेऊन बसले आणि पुढच्या गावातून हवा भरून आणली. भज्यांमुळं जेवढा उशीर झाला होता, त्याच्या कितीतरी पट हवेमुळं झाला. शाळेत पोचलो तर मधली सुट्टी!

हेडमास्तर दारातच उभे. जोशी सरांनी तोंड उघडलं तर त्यांना हातानंच थांबवलं. "तुम्ही नाही. साळवे, तुम्ही सांगा. काय झालं?"

मी म्हणालो, "चाकातली हवा गेली, सर."

जोशी सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अशी कशी गेली?"

"जोशी सरांनी सोडली."

*

चौथा पुरावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

जोशी सर मनानं मोठे. नाताळला आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गाणी म्हणतात, सूर कुठलाही असो. एकदा गाडीत मोठ्या आनंदानं म्हणाले, "साळवे, काल एक केलं. तुमच्या येशूचा फोटो आमच्या देवघरात लावला, दत्ताच्या शेजारी. शेवटी सगळं एकच हो!"

ते प्रेमानं म्हणत होते, हे मला कळत होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "सर, माझ्यासाठी ते एक नाही."

जोशी सर गप्प झाले. नुसते त्या दिवशी नाही, पुढंही कितीतरी दिवस. समोरून आडवा येणाऱ्या ट्रकवाल्याला शिवीसुद्धा देईनात, म्हणजे बघा! कदम मॅडमनी मला हळूच झापलं, "एवढं कट्टर असायची काय गरज होती? हो म्हनलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मला फार वाईट वाटलं. जोशींवर माझा जीव आहे. पण जे मला खरं वाटत नाही त्याला हो म्हणून त्यांना खूश करायचं, हेही मला त्यांना फसवल्यासारखंच वाटलं असतं. गाडी नुसती इकडून तिकडं जात राहिली.

मग एक दिवस त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवलं. छातीत दुखत होतं. मी भेटायला गेलो तर जोशी सर व्हरांड्यात एकटेच उभे. मला पाहिलं आणि दंड धरून म्हणाले, "साळवे, प्रार्थना करा."

"तुम्ही केली असेल ना?"

"केली हो! माझ्या सगळ्या देवांना सांगून झालं. सगळं एकच असतं तर तेवढ्यात भागलं असतं. पण तुम्ही म्हणता तुमचा वेगळा हाय. मग त्याला तुम्हीच सांगा! खामखा रिस्क नको!"

तिथंच पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून मी प्रार्थना केली. डोळे माझे भरले होते आणि "आमेन" जोशी सरांचं माझ्यापेक्षा मोठं होतं.

आजी ठणठणीत होऊन घरी आल्या. त्यांना हे कौतुकानं सांगायला गेलो तर म्हणतात, "मला त्या डॉक्टरनं बरं केलं बाबा. तुमी दोघं तर बाहेर नुस्ते चहा पीत हुभे होते!"

*

आता हा शेवटचा. त्या फोननंतरचा, यंदाचाच आहे.

आमच्या शाळेतली मुक्ता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि परभणीला शेतकी कॉलेजात तिला ॲडमिशन मिळाली. हॉस्टेल मात्र मिळालं नाही. तिचे वडील, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, गळ्यात तुळशीची माळ, रोखठोक बोलणारे. राहायची सोय झाली तर कॉलेज, नाहीतर दिवाळीनंतर लग्न, असं त्यांनी पोरीला सांगून टाकलं होतं. मुक्ता स्टाफरूमच्या दारात येऊन रडली.

माझी बायको मार्था म्हणाली, "आशिषची खोली रिकामी आहे. येऊ दे तिला."

मी आबांना निरोप पाठवला. दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळेला ते मुक्ताला घेऊन हजर. मी मागच्या सीटवर बसलो होतो, काच खाली. मला रामराम केला, आणि बाकीच्या तिघांना गाडीच्या पुढं बाजूला घेतलं. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

"खरं सांगा मास्तर. मानूस चांगला हाय, ते ठाऊक हाय. पर गावात लोकं बोलायलेत. ख्रिश्चन हाय म्हनतात. कट्टर हाय का?"

जे होईल म्हणून भीत होतो ते समोर येऊन उभं होतं, आणि सोबत पोरीचं कॉलेजही!

जोशी सर तत्परतेनं पुढं झाले. "छे छे! काय बोलता आबा! साळवे एकदम मॉडर्न! नावापुरता ख्रिश्चन. पाळत-बिळत काही नाही!"

मी दार उघडलं. कदम मॅडमनी माझ्याकडं असे डोळे वटारले की मी एक पाय खाली ठेवून तसाच थांबलो. पोरीसाठी एवढं तरी गप बसा, असंच त्या डोळ्यांत होतं.

आणि आमचे मुके शिंदे सर नेमके तेव्हाच बोलले!

"खोटं हाय, आबा. लय कट्टर हाय."

जोशी सरांनी कपाळावर हात मारला. मुक्तानं मान खाली घातली.

"काय काय पाळतात?" आबांनी विचारलं.

"दुसऱ्या देवाचा परसाद खात न्हाई. रविवारचं चर्च चुकवत न्हाई. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. आन जीव गेला तरी खोटं बोलत न्हाई. त्यापायी आमाला लय तरास हाय."

आबा चालत गाडीपाशी आले आणि थेट मला म्हणाले, "मास्तर, माज्या पोरीला चर्चला न्याल का?"

मी म्हणालो, "ओढून नेणार नाही. तिनं विचारलं तर मी काय मानतो ते सांगेन. जेवायच्या आधी आमच्या घरी प्रार्थना होते, ती तिच्यासाठी बंद होणार नाही. आणि रविवारी मटण शिजतं. तिची भांडी, तिचं जेवण मार्था वेगळं करील."

कदम मॅडमनी डोळे मिटून घेतले. झालं, संपलं, असंच सगळ्यांना वाटलं. आबा किती तरी वेळ गळ्यातली माळ बोटांनी चाचपत माझ्याकडं बघत राहिले. मग गाडीच्या खिडकीत वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"सोमवारी सामान घिऊन येतो. पर एक सांगतो मास्तर, तुमच्यापाशीच ठिवा. ही पोरगी एकादशीला चोरून भजे खाती. आमाला कुनालाच ऐकत न्हाई. तुमी तेवढं ध्यान ठिवा!"