लोटनभाऊंचा नवा ब्रिज

विसरवाडीचे लोटनभाऊ लग्नाच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतात. तोंडाचे फटकळ, हाताचे मात्र सबुरीचे. गिटारच्या तारा खाली जिथे अडकतात तो ब्रिज घामाने आणि धुळीने गंजला, तेव्हा त्यांनी जाड पितळी ब्रिज मागवला. त्याची भोकं जुन्या भोकांशी जुळेनात. भाऊंनी दोन शिव्या हासडल्या, सागाच्या खुंट्या तासून जुनी भोकं बुजवली, दोरा ताणून मध्य काढला आणि नवी भोकं पाडली.

बँडचा मालक योगेंद्र हसला. "इतली उठाठेव कसाले, भाऊ? लगीनमा बास कोणले ऐकू येस?"

भाऊंनी नवा ब्रिज बसवून तारा चढवल्या. पुढच्याच वरातीत बासचा सूर असा भरीव निघाला की बँड ज्या गाडीवर उभा होता तिचा पत्रा थरथरू लागला. नाच ऐन रंगात आला आणि भाऊंनी तारांवर तळहात दाबून बास बंद केला. कीबोर्ड, ढोल, गाणारा, सगळे चालूच होते. तरी हातात हात घालून नाचणारी रांग अडखळली, माना गाडीकडे वळल्या.

भाऊंनी योगेंद्रला खाली नाचणाऱ्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. "त्या पायेसले ऐकू येस," म्हणाले आणि पुन्हा तार छेडली.