सीलबंद पाकीट

वीज कंपनीच्या त्या कार्यालयात त्याला खऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. सगळे त्याला भिंग म्हणतात. एकतीस वर्षं त्याने घरोघर जाऊन मीटर वाचले आणि एकतीसही वर्षं शर्टाच्या खिशात एक छोटं भिंग बाळगलं. मीटरच्या झाकणातून बारीक तार ओवलेली असते आणि तिच्या टोकांवर शिशाची गोळी पकडीने दाबलेली असते, ते सील. ते तोडल्याशिवाय मीटरच्या आतल्या भागाला हात लावता येत नाही. ज्याला वीज चोरायची असते तो ते अशा बेताने उघडतो आणि परत बसवतो, की साध्या डोळ्याला काही कळू नये. पण भिंगला कळायचं. गोळीवरचा केसाएवढा ओरखडा तो बरोबर हेरायचा आणि समोरच्या माणसाची बोबडी वळायची.

आता असं काम जन्मभर केल्यावर माणूस घरी तरी वेगळा कसा वागणार? भाजीवाल्याचा तराजू हा वाकून खालून बघायचा. औषधाच्या बाटलीवरची तारीख दुकानात एकदा आणि घरी एकदा वाचायचा. एकदा मेव्हण्याने सहज फोन करून तब्येत विचारली, तर हा तीन दिवस वाट बघत बसला की आता हा काय मागतो. मेव्हण्याने काहीच मागितलं नाही. त्यावर हा बायकोला म्हणाला, "मोठं काहीतरी मागायचं असणार." बायकोने कपाळावर हात मारून घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

गेल्या वर्षापासून मात्र भिंगचा डावा पाय त्याला दगा देऊ लागला. दोनशे पावलं चाललं की पोटरीत असा गोळा यायचा की पुढे पाऊल टाकणं अशक्य. मग तो जवळचा मीटर गाठायचा, भिंग काढायचा आणि सील तपासत असल्यासारखा पाच मिनिटं उभा राहायचा. कळ ओसरली की पुढे. लोकांना वाटलं म्हातारपणी हा जास्तच कडक झाला. एका सज्जन गृहस्थाने तर घाबरून, न केलेल्या चोरीबद्दल आधीच माफी मागून टाकली.

शेवटी बायकोने धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होती आणि आडपडदा ठेवून बोलणं तिला ठाऊक नव्हतं. "पायातल्या रक्तवाहिनीत अडथळा आहे. ऑपरेशन करून पर्यायी वाट काढता येईल. पण आधी नव्वद दिवस सिगारेट पूर्ण बंद. तुम्ही ओढत राहिलात तर नवी वाटही बंद पडेल, आणि मग गुडघ्याखाली पाय काढण्यावाचून दुसरा उपाय राहणार नाही."

भिंग दिवसाला पंधरा ओढत होता. त्याने लगेच दुसरा डॉक्टर गाठला. दुसऱ्यानेही शब्द न शब्द तेच सांगितलं. बाहेर आल्यावर भिंग बायकोला म्हणाला, "या दोघांचं फोनवर आधीच बोलणं झालेलं दिसतंय."

कार्यालयात त्याचे जिवाभावाचे म्हणावेत असे तिघे होते. एक जीपचा ड्रायव्हर, एक स्टोअरकीपर आणि तिसऱ्या म्हणजे मीटर तपासणीच्या खोलीतल्या बाई. बाईंना कामाला लागल्यावर सील बघायला भिंगनेच शिकवलेलं. त्या त्याला भाऊ म्हणत. पायाची बातमी कळली त्याच दिवशी तिघं त्याच्या टेबलाभोवती जमले, तेव्हाच भिंगच्या मनात पाल चुकचुकली. तिघं एकदम कधी यायचे नाहीत.

"तुझं पाकीट काढ," ड्रायव्हर म्हणाला.

"कशाला?"

"काढ तर."

पाकिटात नऊ सिगारेटी होत्या. बाईंनी त्यातून तार ओवली, टोकं शिशाच्या गोळीत घातली आणि पक्कड दाबली. गोळीवर नंबर उमटला. तो त्यांनी वहीत लिहिला. मग ड्रायव्हरने स्वतःचं पाकीट पुढे केलं आणि स्टोअरकीपरनेही. तिन्ही पाकिटांना सील लागलं.

"दर सोमवारी तपासणी," बाई म्हणाल्या. "तुमच्याच भिंगाने. नव्वद दिवस."

"आणि एक्याण्णवाव्या दिवशी मी पेटवणार," स्टोअरकीपर म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो. मला काही सोडायची हौस नाही. चाळीस वर्षांची संगत आहे."

"मग आत्ता कशाला सील करतोस?" भिंगने विचारलं.

"असंच," स्टोअरकीपर म्हणाला आणि गोदामाकडे गेला.

असंच! त्या 'असंच'ने भिंगची झोप उडवली. असंच कुणी काही करत नाही, हे तो एकतीस वर्षं बघत आला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं. ड्रायव्हरच्या पुतण्याला मीटर वाचायचं काम हवं असेल का? पण मग त्याने पाय जाण्याची वाट बघितली असती, वाचवायचा कशाला? स्टोअरकीपरला आपली खिडकीजवळची जागा हवी असेल. बाईंचं काय, ते काही केल्या जुळेना. पण जुळेना म्हणजे नाहीच, असं थोडंच आहे?

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. युक्ती अचूक होती. चिठ्ठी लिहून घेतली असती तर भिंगने फाडली असती, शपथ घातली असती तर मोडली असती. पण सील! आयुष्यात त्याने एकही सील बेकायदा उघडलेलं नव्हतं. त्याची सगळी पत एवढ्या एका गोष्टीवर उभी होती. पाकीट टेबलाच्या खणात पडून राहिलं आणि तो खण उघडायचा, बघायचा आणि बंद करायचा.

पहिले पंधरा दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. चहा पाणचट, उशी कडक, पंखा आवाज करतो. बायको ऐकून घ्यायची. एकदा तिच्या फोनमध्ये ड्रायव्हरचा नंबर दिसला, सलग आठ दिवस, रोज संध्याकाळी सातला. "हे काय?" त्याने विचारलं.

"तुमचा पारा किती चढलाय ते विचारतात," बायको म्हणाली. "जास्त असला तर दुसऱ्या दिवशी लांबचे मीटर जीपने करून टाकतात."

म्हणजे घरातही फितुरी! भिंगने मग स्वतःचीच तपासणी मोहीम उघडली. जीपमध्ये बसताना तो ड्रायव्हरच्या बाहीचा वास घ्यायचा. स्टोअरकीपर गोदामामागे गेला की घड्याळ बघून मिनिटं मोजायचा. ड्रायव्हरच्या बाहीला डिझेलचा वास यायचा, स्टोअरकीपर गोदामामागे उभा राहून नुसता भिंतीकडे बघत असायचा. सोमवारी तिन्ही सीलं भिंगाखाली जायची. ठीक, ठीक, ठीक.

एक्केचाळिसावा दिवस उजाडला तो वाईटच. एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली मीटर होते. परत येताना भिंगचा पाय असा आवळला की तो तिथेच पायरीवर बसला. वरून एक माणूस उतरला. सहा वर्षांपूर्वी भिंगने त्याची चोरी पकडली होती, दंड भरायला लावला होता. त्या माणसाने बघितलं, परत वर गेला आणि खुर्ची घेऊन आला. "बसा काका. पायरी गार आहे." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. भिंगने खूप शोधला, पण नव्हता. चोर खुर्ची देतो आणि आपण घेतो, हे त्याला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं.

कार्यालयात परतला तेव्हा जेवणाची सुट्टी होती, खोली रिकामी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ड्रायव्हरने ताकीद देऊन ठेवली होती, याला सिगारेट द्यायची नाही. पुढचं दुकान चारशे पावलांवर, आणि पाय दोनशेच्या वर जात नव्हता. भिंगने खण उघडला. चोर कसं करतात ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? सुई तापवायची, गोळीच्या भोकात घालायची, तार हलकेच ओढायची. गोदामामागे, स्टोअरकीपर भिंतीकडे बघत उभा राहायचा त्याच जागी, त्याने एक ओढली. चव कडू लागली. मग तार परत सारली, गोळी दाबली. आत आठ उरल्या.

सोमवारी बाईंनी त्याच्याच हातातून भिंग घेतलं. ओरखडा दुसऱ्या भोकाच्या कडेला होता. असाच ओरखडा त्याने बाईंना त्यांच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दाखवला होता, 'इथे बघायचं, चोर इथेच चुकतो' म्हणून. बाई बराच वेळ बघत राहिल्या. बाईंनी गोळी ड्रायव्हरला दाखवली. त्याने बघितली, स्टोअरकीपरला दिली.

"ठीक," बाई म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं.

आता मात्र भिंगची पाचावर धारण बसली. पकडलं असतं तर बरं झालं असतं. ओरडायला, नाकारायला, पाकीट भिरकावून द्यायला तरी जागा मिळाली असती. दिसलं नसेल? शक्यच नाही, बाईंची नजर त्यानेच तयार केलेली. मग का बोलले नाहीत? एकच कारण असू शकतं: तिघंही त्यात आहेत. त्यांनीही ओढली असणार. त्याने उरलेली दोन पाकिटं ओढून घेतली आणि उजेडाखाली धरली. एकदा बघितली, दोनदा बघितली. दोन्ही सीलं लावली तशीच होती. चाळीस वर्षांच्या संगतीच्या त्या माणसाने तारेला नखही लावलं नव्हतं.

त्या दिवशी भिंगला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेबरोबर रागही आला. हे आपल्याला मुद्दाम सोडतायत. कधीतरी हा हिशेब पुढे काढणार. दर सोमवारी बाई 'ठीक' म्हणायच्या आणि तो शब्द त्याला काट्यासारखा सलायचा. त्यानंतर सिगारेट त्याने ओढली नाही. ओढावीशी वाटायची, फार वाटायची. पण खणाकडे हात गेला की सोमवार आठवायचा. त्यांचा डाव काय आहे ते कळेपर्यंत पुन्हा तोंडघशी पडायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.

नव्वदाव्या दिवशी दवाखान्यात न्यायला जीप भिंगच्या दाराशी आली. बायको होती आणि तिघंही होते. बाईंच्या मांडीवर पर्स होती, नेहमीपेक्षा जड. जीप वळली की आत लोखंड वाजायचं. भिंग रस्ताभर त्या पर्सकडे बघत होता. "काय आहे त्यात?" त्याने दोनदा विचारलं. "आहे काहीतरी," बाई दोन्ही वेळा म्हणाल्या.

डॉक्टरने पाय तपासला, कागद पुढे ओढला. "किती दिवस झाले बंद करून?"

"नव्वद!" ड्रायव्हरने भिंगच्या आधी सांगून टाकलं. "आमच्याकडे वही आहे."

डॉक्टरने पेन टेकवलं. एवढं लिहिलं गेलं की पाय वाचणार होता. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, महिन्याभरात चालणं. बायको त्याच्याकडे बघून हसली. भिंगने खिशातल्या भिंगावर हात ठेवला. एकतीस वर्षं त्याने मीटरवर जो आकडा दिसला तोच लिहिला होता, स्वतःच्या घराचासुद्धा.

"एकोणपन्नास," तो म्हणाला.

डॉक्टरचं पेन थांबलं.

"एक्केचाळिसाव्या दिवशी मी सील उघडलं," भिंग म्हणाला. "एक ओढली. यांना माहीत आहे. का लपवलं ते यांनाच विचारा."

"अरे, एकच ना!" ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "डॉक्टर, एकच हो. एकीने काय होतंय?"

"एकीने आभाळ कोसळत नाही," डॉक्टर म्हणाली. "पण मी नव्वद सांगितले होते, ते सलग. अजून एक्केचाळीस. पाय तोवर टिकेल, रोज थोडं चाला." तिने तारीख पुढची टाकली आणि मग वर बघून म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत."

आवारात आल्यावर भिंग बाकावर बसला. त्याला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं. आता निघेल तो हिशेब, त्याला वाटलं. बाई शेजारी बसल्या, पर्स उघडली, आणि आतून सील लावायची पक्कड काढली. मग तार. मग शिशाच्या तीन नव्या गोळ्या.

भिंग बघतच राहिला. "हे घरून निघतानाच घेतलं होतंत?"

"हो."

"म्हणजे मी खोटं बोलणार, असा तुम्हाला संशय होता."

"उलट आहे, भाऊ," बाई तार सरळ करत म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगणार याची खात्री होती. नाहीतर पक्कड कशाला आणली असती?"

तेवढ्यात स्टोअरकीपर समोर येऊन उभा राहिला. त्याने खिशातून स्वतःचं पाकीट काढलं, नव्वद दिवसांचं, सील शाबूत असलेलं. उद्या तो ते उघडणार होता. पाकिटाकडे त्याने असं बघितलं की कुणालाही दया यावी.

"एक्केचाळीस?" तो म्हणाला. "अजून एक्केचाळीस? मेल्या, तुझ्या पायापायी माझा जीव जाणार." आणि त्याने पाकीट बाईंच्या हातात दिलं. "घाला, नवा नंबर घाला."

"तू कशाला?" भिंग म्हणाला. "तुझे झाले की नव्वद."

"असंच," स्टोअरकीपर म्हणाला.

ड्रायव्हरनेही आपलं पाकीट पुढे केलं, भिंगचं बाईंनी खणातून आणलेलंच होतं. बाईंनी तिन्ही पाकिटांची जुनी सीलं कापली, नवी दाबली आणि भिंगचं पाकीट त्याच्यापुढे धरलं. "बघून घ्या." भिंगचा हात सवयीने खिशाकडे गेला. या 'असंच'मागे काय असेल, कुणाचा काय फायदा असेल, याचा त्याने एकदा शेवटचा, अगदी मन लावून शोध घेतला. काही सापडलं नाही. त्याने हात खाली घेतला.

"तुम्ही बघितलंत ना?" तो म्हणाला. "मग ठीक."