रेघवाली पौर्णिमा

नाचणगावात पौर्णिमाची स्कूटी गल्लीत शिरली की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं उठून आत जात. दार काही लावत नसत, एवढी रीत पाळत. पण खोकला आला की तोंडावर पदर धरत. खोकला ऐकून पोरगी थांबेल, पिशवीतून ते यंत्र काढेल आणि आपलीही रेघ सरळ निघेल, ही धास्ती.

पोरगी तशी साधी, हसरी, बोलताना मान एका बाजूला झुकवणारी. तिचा बाप प्रेमदास वीज मंडळात लाइनमन होता. जन्मभर खांबावर चढून त्याने लोकांच्या घरी उजेड पोचवला आणि स्वतःच्या पोरीला नागपूरला ठेवून बी.एस्सी. केलं. विषय शरीरक्रियाशास्त्र. ती पदवी घेऊन आली तेव्हा लोक विचारायला आले. डॉक्टर झाली का? नाही. मग नर्स? तेही नाही. मग तीन वर्षं शिकली काय? शरीर कसं चालतं ते, असं ती म्हणाली. त्यावर एका म्हाताऱ्याने सांगितलं की ते तर आम्हाला दिसतेच, पाय उचलला की चालते.

दिसत असेल, पण पगारात दिसेना. नागपूरच्या एका लॅबमध्ये तिला महिन्याला आठ हजार मिळत. शेजारच्या टेबलावर सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी होती, तिलाही आठच. खोलीभाडं आणि डबा गेला की हातात उरे तो बसचा पास. दीड वर्ष तिने काढलं. मग बापाने रिटायरमेंटच्या पैशातून तिला जुनं ईसीजीचं यंत्र घेऊन दिलं. घरोघर जायचं, म्हाताऱ्यांच्या छातीच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढायची, फोनवरून वर्ध्याच्या डॉक्टरला पाठवायची, दोनशे रुपये घ्यायचे. वर्षभरात यंत्राने पोट भरलं तर ठीक, नाहीतर पुण्याच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं, असं बापलेकीत ठरलं.

पण जिवंत माणसाने तिला बोलावलंच नाही.

पहिलं बोलावणं आलं ते एका घरी म्हातारी गेली तेव्हा. मोठ्या दवाखान्यात माणूस गेल्यावर शेवटची पट्टी काढतात, हे त्या घरच्यांनी पाहिलं होतं. आपल्या म्हातारीला तेवढाही मान नको का, असं त्यांना वाटलं. पट्टी सरळ निघाली, सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली, मग रडले. तेव्हापासून गावात रीतच पडली. पूर्वी नाकाशी कापूस धरत, आता पौर्णिमाला बोलावत. आंघोळीआधी रेघ. दाखला सरकारी डॉक्टर देई, पण लोकांचं मन भरे ते रेघेने. महिन्याला तीन-चार मयती होत, त्यात पेट्रोलही धड निघत नसे. आणि जिवंतांची दारं मात्र आणखी बंद झाली.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी अण्णाजी गेले. वरच्या आळीतले, ऐंशीच्या घरातले, आवाजाचे कडक. पौर्णिमाचा आजा त्या अंगणाबाहेर उभा राहून बोलायचा. आता तिला आत नेलं, माजघरात, अण्णाजींच्या उशाशी. दुपारचे बारा वाजले होते. आळीतल्या बाया वेचणी सोडून आल्या होत्या, बाहेर तिरडी बांधत होते. अण्णाजींची बायको आनंदाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. नुसती रडत नव्हती असं नाही, कोणाची तरी वाट पाहावी तशी निवांत होती. सून दोनदा तिच्या गळ्यात पडायला आली, तिने दोन्हीदा तिला बाजूला केलं.

पौर्णिमाने मनगटांना, पायांना चिमटे लावले. हात गार, बोटं आखडलेली. सवयीने तिने बटण दाबलं.

पट्टी सरळ निघाली नाही.

कागदावर खिळा उभा राहिला. मग थोडी रेघ, मग दुसरा खिळा. मग तिसरा. एका मापाने, मिनिटाला साठ, जणू कोणी आत बसून मोजत होतं.

मुलगा रोशन वाकून पाहत होता. गावाला एवढं आता कळत होतं की सरळ म्हणजे मेला. "बाबा हायेत," तो म्हणाला. ते माजघरातून अंगणात गेलं, आणि बाहेर कोणीतरी तिरडीच्या गाठी सोडायला लागलं. एकाने गाडी बोलवायला फोन लावला. बायांनी तोंडाला लावलेले पदर तसेच राहिले.

पौर्णिमाने चिमटे काढून पुन्हा लावले. पुन्हा खिळे. तिच्यासमोर चार तासांपूर्वी गेलेला माणूस होता, जबडा ताठ, बुबुळं बॅटरीच्या उजेडाला न हलणारी, आणि तिच्या हातातला कागद सांगत होता की तो चालू आहे. कागदाला खरं म्हणावं तर पुढे एका प्रेताचे हाल. प्रेताला खरं म्हणावं आणि चूक निघाली तर जिवंत माणूस सरणावर. यंत्रावरचा गावाचा विश्वास तर दोन्हीकडून जाणार होता.

मग तिला खिळ्यामागची रेघ दिसली. कॉलेजात बाईंनी शंभरदा काढून घेतलं होतं, टोक आलं की त्याच्यामागे लाट आली पाहिजे, लाट म्हणजे हृदय आवळलं. इथे टोकामागे काहीच नव्हतं. सपाट.

तिने अण्णाजींच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली बोटं फिरवली. कातडीखाली सुपारीच्या डबीएवढं काहीतरी टणक लागलं. तेवढ्यात आनंदाबाईने तिचं मनगट धरलं.

"तिथं हात नको लावू, पोरी. ते चालू हाय."

मग हळूहळू निघालं. पाच वर्षांपूर्वी दोघं नवराबायको हर्नियाचं ऑपरेशन म्हणून नागपूरला गेलते, ते खरं तर हृदयाला ठोके देणारी ही डबी, पेसमेकर, बसवायला. अण्णाजींनी बायकोकडून शपथ घेतली होती, पोटच्या पोरालाही सांगायचं नाही. लोक म्हणतील अण्णाजी सेलवर चालते. आणि तिथल्या डॉक्टरने आनंदाबाईला सांगितलं होतं की आजी, आता काळजी नाही, ही डबी यांचं हृदय थांबू देणार नाही. तिने ते शब्द जसेच्या तसे ठेवले होते. म्हणून ती रडत नव्हती. डबी थांबली नव्हती ना.

पौर्णिमा तिच्याजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "आजी, ही डबी दार ठोकून राह्यली. घरात कोणी नाई."

"मंग ठोकते काऊन?"

"तिले माहीत नाई."

आनंदाबाईने तिचं मनगट सोडलं. रोशन मात्र उसळला. तू डॉक्टर हायस का, म्हणाला. पौर्णिमा म्हणाली, नाही. सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा, माझं ऐकू नका. पण ही डबी आत ठेवून अग्नी देऊ नका, ती फुटेल. डॉक्टर आले, त्यांनीही तेच सांगितलं, छोटी चीर देऊन डबी काढली, धुऊन रोशनच्या हातावर ठेवली. त्याने ती निखारा पकडल्यासारखी आईकडे दिली. उन्हं उतरायच्या आत अण्णाजींना नेलं.

आता गावाचं ऐका. गावात बोलणं असं फिरलं की मशीन जिवंत सांगत होती, अन् प्रेमदासच्या पोरीने मेला म्हणून सांगितलं. त्यानंतर मयतीचंही बोलावणं येईना. प्रेमदासने एकदा जेवताना पुण्याच्या गाडीची वेळ विचारली. ती भाजी वाढत राहिली.

तीन महिन्यांनी आनंदाबाईचा निरोप आला. दुपारी, घरचे सगळे शेतात असताना येजो.

म्हातारीने स्टीलच्या डब्यातून कापसात गुंडाळलेली डबी काढली. "हे अजून ठोकते का, ते पाह्य."

पौर्णिमाला नाही म्हणता आलं असतं. तिने ताटलीत मिठाचं पाणी केलं, डबी त्यात ठेवली, कडेला चिमटे लावले. कागद सरकला. खिळा, खिळा, खिळा. साठ. आनंदाबाईने पट्टीवर बोट ठेवून एकेक मोजला आणि पदराच्या गाठीतून दोनशे रुपये काढले.

पौर्णिमाने पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "घेतो, पण तुमची पट्टी काढू द्याल तर."

म्हातारी खाटेवर आडवी झाली. तिची पट्टी आली तशी पौर्णिमाने ती दोनदा पाहिली. लाटा होत्या, चांगल्या गोल लाटा, पण मध्येच एखादी येतच नव्हती. लांब रिकामी जागा, मग पुढची. वर्ध्याच्या डॉक्टरने पट्टी पाहिली आणि लगेच घेऊन या म्हणून सांगितलं.

"मले बी डबी बसवतील?" आनंदाबाईने विचारलं. "मंग हीच बसवा म्हणा. चालू तर हाय."

तशी बसवत नाहीत हे तिला समजावताना पौर्णिमाचं तोंड कोरडं पडलं. शेवटी नवी बसवली. आठ दिवसांनी म्हातारी चालत आपल्या अंगणात उतरली, आणि सगळ्या आळीने पाहिलं की रेघवालीने रेघ काढलेलं माणूस परत आलं. पुढल्या सोमवारी पौर्णिमाला दोन म्हाताऱ्यांचं बोलावणं आलं, दोघंही खोकत होते. उन्हाळ्यापर्यंत नागपूरच्या लॅबपेक्षा दोन हजार जास्त सुटायला लागले.

दर महिन्याला अण्णाजी गेले त्या तारखेला मात्र ती दुपारी आनंदाबाईकडे जाते. आधी ताटली, मग खाट. दोन पट्ट्या, चारशे रुपये. म्हातारी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरते. खिळ्यावर खिळा बसतो. साठाला साठ. एका कागदावर खिळ्यामागे लाट असते, दुसऱ्यावर नसते. म्हातारी त्या दुसऱ्याकडेच जास्त वेळ पाहते.

मागच्या खेपेला तिने विचारलं, ही किती वर्षं चालेल? पौर्णिमाने सांगितलं, जुनी आणखी चारेक, तुमची दहा.

"म्हंजे ते आधी थांबतील," आनंदाबाई म्हणाली, आणि मग कुठे तिला रडू आलं.