घाईमामांचं बसणं

इस्त्रीवाल्याला गल्लीत सगळे घाईमामा म्हणायचे. माणूस सोन्यासारखा, पण बूड म्हणून टेकायचं नाही. चहासुद्धा उभ्याउभ्याच. मामी म्हणायची, "यांना झोपेतसुद्धा कुठंतरी पोचायचं असतं!"

मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि मामीचं बोलणंच आटलं. हो-नाही, जेवा-झोपा, एवढंच. मग एकदा पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली, मुठीएवढं. तेव्हापासून तिचं तोंड जे सुरू झालं ते थांबेचना. पिल्लाला रागवायची, लगेच त्याची समजूत काढायची. मामा मनात म्हणाले, चला, घरात माणसं राहतात असं वाटायला लागलं.

पिल्लाला झोपायला काय लागायचं, तर इस्त्री केलेल्या कपड्यांचा गरम ढीग. मामी सांगून थकली, "अहो, ढीग हलवायच्या आधी बघत जा."

एकदा एका गिऱ्हाइकाला कोट घाईनं हवा होता, तो ढिगाच्या तळाशी. ढीग बाजूला करायला मामांनी सवयीनं खालच्या चादरीची टोकं धरली आणि दिला झटका. गठ्ठा बांधायची त्यांची तीच रीत. वर टॉवेलांत पिल्लू झोपलेलं. ते टेबलावरून उडालं आणि डोकं फरशीवर आपटलं. ओरडलंसुद्धा नाही, निपचित पडलं.

इस्त्रीवाल्याला सगळ्यावर औषध एकच ठाऊक, ऊब. त्यांनी फडकं तापवलं आणि निघाले टेंगूळ शेकायला.

मामी तोवर फोनला लागली होती. "अहो, थांबा! जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतायत, शेकायचं नाही, चोळायचं नाही, हलवून उठवायचं नाही. दूध-पाणी काही नको. सपाट फळीवर ठेवून हळू आणा म्हणतायत."

शर्टाच्या बाह्यांना इस्त्री करायची छोटी फळी होती. दोघांनी तिच्यावर पिल्लू अलगद सरकवलं. मामा ती दोन्ही हातांत धरून असे चालले, जणू काठोकाठ पाणी भरलंय.

पानवाला ओरडला, "काय मामा, पाय भाड्यानं दिले का आज?"

मामांनी मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "एक बाहुली मोठी दिसतेय. आत सूज असेल." सुई टोचली, नळी लावली.

"मी काय करू?" मामांनी विचारलं.

"बसा. उचलू नका, हाका मारू नका. ओकलं किंवा झटके आले तर मला सांगा."

मामा बसले. हातांना काम नाही, मग गुडघ्यावरची चुणीच दाबत राहिले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मामी. तिचे ओठ पुन्हा मिटलेले, मुलगी गेल्यावर मिटले होते तसे. पिल्लू गेलं तर हे ओठ आता उघडायचे नाहीत, हे मामांना पक्कं कळलं.

"अगं, शिव्या तरी दे," ते म्हणाले.



ऊन उतरलं तेव्हा पिल्लानं डोळे उघडले. मान उचलली, ती एका बाजूला कललेली. मामांचा हात पुढं गेला, त्यांनीच तो मागं घेतला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बॅटरी मारली. "दोन्ही बाहुल्या आता एकसारख्या झाल्यात. आजची रात्र इथंच राहू दे. मान कदाचित वाकडीच राहील, पण जगेल असं वाटतंय."

आणि मामीचा बांध फुटला. "डोळे काय इस्त्रीखाली ठेवता का हो? जीव आहे तो, गठ्ठा नाही! कोण मेलं असतं कोटावाचून?"

"मामी, आवाज हळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला शांतता हवी."

मग मामी सरकत सरकत मामांच्या अगदी कानाशी आली आणि तिथं कुजबुजत भांडायला लागली. मामा बसूनच होते. उठायचं त्यांच्या मनातही नव्हतं.