एका पक्क्या उंचीसाठी

"सावकाश ये," हे फोनवर म्हणाले, आणि मला कळलं. कित्येक दिवस मी रोज सकाळी डोंबिवलीहून कल्याणच्या हॉस्पिटलात डबा घेऊन जात होते आणि रोज तिथून ह्यांचा फोन यायचा... निघालीस का, रिक्षा मिळाली का, डॉक्टर येऊन जातील मग. माझ्या नवऱ्याला समोरच्याला घाई करण्याची जन्माची खोड आहे. तो माणूस त्या दिवशी सावकाश ये म्हणाला. मी गॅस बंद केला, डब्यात भरलेली मऊ खिचडी पुन्हा पातेल्यात ओतली आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी फक्त दमल्यासारखं वाटलं, एवढ्या दिवसांचं सगळं दमणं पायांत उतरल्यासारखं. मग साडी बदलली आणि निघाले. सावकाशच.

गेले ते माझे धाकटे दीर, मोहन. मी त्यांना भावजी म्हणायचे आणि ते मला वहिनी, वयात आमच्यात फारसं अंतर नसूनही. औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोल खात्यात त्यांची हयात गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारून नातेवाईक थकले आणि मग त्यांनी तो विषय आपसात बोलायला ठेवला. कंपनी गुंडाळली गेल्यावर भावजींनी दिवा स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर घेतलं आणि तिथे ते रॉकेटं करू लागले. रॉकेट म्हटलं की लोकांना दिवाळी आठवते. भावजींच्या रॉकेटात आग नव्हतीच. कोल्ड्रिंकची मोठी बाटली, तिच्यात थोडं पाणी, आणि सायकलच्या पंपाने कोंबलेली हवा. बाटली उलटी उभी करायची, लांबून दोरी ओढून खिट्टी सोडायची, की पाणी खाली जातं आणि बाटली वर. एवढंच. पण ह्या एवढ्याशा गोष्टीत किती पाणी भरावं, पंख केवढे असावेत, टोकाला वजन किती, ह्या प्रश्नांवर त्या माणसाने आपलं अख्खं निवृत्त आयुष्य घातलं. पंख निवडणुकीच्या जुन्या बोर्डांचे असायचे, आणि कुठल्याही पक्षाचा बोर्ड चालायचा. टोकाला अर्धा कापलेला प्लास्टिकचा चेंडू. नवीन रॉकेट झालं की ते त्याला बरोबर तोलाच्या जागी दोरी बांधून गच्चीवर गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवत. फिरताना टोक पुढे राहिलं तर रॉकेट सरळ उडणार, गटांगळ्या खाल्ल्या तर पंख बदलायचे. साठी उलटलेला माणूस गच्चीत बाटली फिरवतोय म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या बायका वाळत घातलेले पापड उचलून खाली जायच्या.

दिव्यात पाण्याचे हाल आहेत हे मी नव्याने सांगायला नको. एकदा भावजी जिन्यातून भरलेली बाटली घेऊन उतरताना शेजारच्या बाईंनी त्यांना गाठलंच. मी डबा घेऊन वर येत होते, समोरच सगळं झालं. "काका, इथे प्यायला पाणी नाय, टँकरवाला दोन-दोन दिवस फोन उचलत नाय, आणि तुम्ही पाणी आकाशात उडवताय?" भावजी ओशाळले. दुसरा कोणी म्हणाला असता, अर्धा लिटर तर आहे. हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." त्या दिवसापासून ते रॉकेटाला कपडे खळबळून उरलेलं पाणी वापरायला लागले. आणि त्यातून त्यांना एक शोध लागला, म्हणजे त्यांच्यापुरता शोध. साबणाच्या पाण्याचा आत फेस होतो, तो साध्या पाण्यासारखा भसकन बाहेर पडत नाही, हळूहळू पडतो, आणि बाटलीला मिळणारा रेटा जास्त वेळ टिकतो. ह्या आनंदात त्यांनी त्या शेजारीणबाईंना पेढे नेऊन दिले. त्या बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, "काका, कशाचे?" तर हे म्हणतात, "तुम्ही ओरडलात त्याचे."

मी ह्यात कशी ओढले गेले? डब्यापायी. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात दोनच माणसं, त्यामुळे रविवारी मी भावजींना डबा नेऊन द्यायचे. एका रविवारी ते म्हणाले, "वहिनी, वेळ आहे ना? शहाडला नदीकडे एक मोकळी जागा बघून ठेवलीय. नुसतं उभं राहायचं." माझे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते, पण नाही म्हणवेना. तिथे त्यांनी माझ्या हातात एक कोनमापक दिला, शाळेच्या कंपासपेटीतलाच. त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवलेली आणि मधल्या भोकातून सोडलेल्या दोऱ्याला एक नट लोंबता. नळीतून रॉकेटाकडे बघत राहायचं, ते जिथे थबकतं तिथे दोरा बोटाने दाबून धरायचा आणि मग आकडा वाचायचा. त्यावरून ते उंची काढत. "वहिनी, तुम्हाला काय वाटलं ते नको. दोरा काय म्हणतो ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संसारात इतकी वर्षं मला काय वाटलं ते कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे ही सूचना मला काही जड गेली नाही.

पण माझ्या आकड्याची उंची ते मानत नसत. तिला म्हणायचे कच्ची. कंपनीत कुठलंही मोजमाप दुसऱ्या माणसाने पडताळून सही केल्याशिवाय पुढे जात नसे, ते त्यांच्या हाडात मुरलेलं. रॉकेट मधे, आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक माणूस हवा. वारा पडलेला असेल तर दोघांचे कोन जवळपास सारखे यायला पाहिजेत. जुळले तर उंची पक्की, नाही जुळले तर उड्डाण रद्द. मी वैतागून म्हणायचे, "अहो, मग करा ना कोणाला तरी उभं. तो पलीकडचा तबेलेवाला दर रविवारी बघतो, तो राहील आनंदाने." त्यावर भावजी खाली बघत दोरी गुंडाळत राहायचे. एकदाच म्हणाले, "ती जागा दादाची आहे वहिनी. येईल तो कधीतरी." आणि पुन्हा एक रविवार कच्चा जायचा.

दादा म्हणजे आमचे हे. सासरे लवकर गेले, तेव्हा कॉलेज सोडून ह्यांनी नोकरी धरली आणि धाकट्या भावाला शिकवलं. त्या शिकवण्याचं ह्यांना जे फळ हवं होतं त्यात बाटल्या नव्हत्या. लग्न कर, डोंबिवलीला आमच्याजवळ राहायला ये, एखादं पार्टटाइम काम बघ. भावजी प्रत्येक गोष्टीला हसून हो म्हणत आणि कुठलीच करत नसत. मी रविवारी निघाले की ह्यांचं सुरू, "चालला का पोरखेळ? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!" आणि संध्याकाळी परत आले की पेपर न खाली घेता विचारायचे, "जेवला का तो नीट?" रॉकेट किती वर गेलं, हे एकदाही नाही. तिकडे भावजी दर रविवारी आवराआवर झाली की विचारणार, "दादाला सांगितलंत?" मी दोघांच्या मधे निरोप्याचं काम करून करून कंटाळले होते. एकीकडे हो सांगते म्हणायचं, दुसरीकडे सांगून टोमणे ऐकायचे. एवढे मोठे दोन पुरुष, दोन स्टेशनांवर राहतात आणि एकमेकांशी बोलायला त्यांना मी लागते.

मग भावजींना दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग पंप मारताना, मग नुसतं बोलतानाही. फुप्फुसं आखडत चालली आहेत, मागे फिरणार नाहीत, असं डॉक्टरांनी ह्यांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानंतर घरात जो तो भावजींना सांगत सुटला की रिपोर्ट छान आहेत, चेहरा टवटवीत दिसतोय. भावजी ऐकून घ्यायचे. मला म्हणाले, "वहिनी, सगळ्यांना काय वाटतं तेच सांगतायत. दोरा काय म्हणतो ते कोणीच सांगत नाही." मी सांगितलं. जे डॉक्टर म्हणाले ते तसंच्या तसं. ते म्हणाले, "एक पक्की उंची व्हायला हवी होती."

त्या रात्री मी ह्यांच्याशी भांडले. आवाज न चढवता, पण भांडले. म्हटलं, तुमचं सुटलेलं शिक्षण, तुमचा त्याग, सगळं मान्य. त्याला मरायच्या आधी तुम्ही मैदानात एकदा उभे हवे आहात, त्याहून दुसरं काही तो मागत नाही. रविवारी सकाळी हे शर्ट घालून तयार. वर ऐट अशी, "तुला एकटीला तो ऑक्सिजनचा सिलिंडर झेपायचा नाही."

दिव्याहून रिक्षा करून आम्ही तिघं शहाडला गेलो, मांडीवर ऑक्सिजनचा लहान सिलिंडर आणि पायात बाटली. भावजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, दोरीचं टोक हातात दिलं. पंप ह्यांनी मारला, आणि मारताना "अरे, किती हवा घेते ही!" करत राहिले. मग भावजींनी ह्यांना कोनमापक समजावून सांगितला. मधे मधे श्वासासाठी थांबत, पण इतक्या अदबीने, की जणू कोणी मोठा साहेब तपासणीला आलाय. हे एका टोकाला गेले, मी दुसऱ्या. तबेल्याचा धूर सरळ वर चालला होता, वारा अजिबात नव्हता. भावजींनी हात वर केला आणि दोरी ओढली... त्या दिवशीसारखं रॉकेट मी कधी पाहिलं नव्हतं. सरळ, फेसाची पांढरी रेघ मागे टाकत गेलं, वर जाऊन क्षणभर थांबलं. मी दोरा दाबला.

"वहिनी?"

"अठ्ठेचाळीस!"

"दादा?"

पलीकडून जरा उशिराने आवाज आला, "सत्तर! सत्तर आहेत बघ मोहन!"

आम्ही दोघं खुर्चीपाशी आलो. भावजी एकदा माझ्याकडे, एकदा धुराकडे बघत होते. म्हणाले, "दादा, दोरा दाबला होतास?" ह्यांनी हातातल्या कोनमापकाकडे बघितलं. "नळीतून बघितलंस?"

"अरे, ते वर गेलं ना..." ह्यांनी हात वर केला, तो तसाच ठेवला. "मी तेच बघत राहिलो. एवढं जातं हे मला कोणी सांगितलं होतं? नळीबिळी राहूनच गेली."

"मग सत्तर कुठून आणलेस?"

"तुला बरं वाटेल म्हणून."

भावजी हसायला लागले आणि हसता हसता खोकल्याने बेजार झाले. मी पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "मग रद्द." हे म्हणाले, परत उडवू, मी नीट बघतो, देवाशपथ. पण सिलिंडरचा काटा खाली आला होता. मी इतकी चिडले होते ह्यांच्यावर! एवढी वर्षं वाट बघायला लावली आणि आल्यावर हे असं. रिक्षात हे पुढे ड्रायव्हरला रॉकेटाचं वर्णन करून सांगत होते, बाटली हो, नुसती बाटली, आणि मागे भावजी माझ्या खांद्याला टेकून ऐकत होते. हळूच म्हणाले, "दादाला आवडलं, नाही?" मग थोड्या वेळाने, "पुढच्या रविवारी पक्की घेऊ." पुढच्या रविवारी ते हॉस्पिटलात होते.

तेरावा झाला, पाहुणे गेले, दिव्याची खोली आवरून झाली. एक पुरं झालेलं रॉकेट कपाटावर होतं. टाकायचं कसं? हेच म्हणाले, शहाडला जाऊ. मला खरं म्हणजे कुठेच जायचं नव्हतं. महिनोन्महिने नुसती जा-ये झाली होती, अंग मोडून आलं होतं. तरी गेलो. ह्यांनी बाटली उभी केली, पंप मारला, काटा बघितला, दोरी लांबवर सोडून ठेवली. मग कोनमापक घेऊन आपल्या टोकाला चालू लागले. मीही माझ्या टोकाला गेले. वळले, नळी डोळ्याला लावली, बाटलीवर रोखली. पलीकडे हेही तसेच उभे, ह्या वेळी अगदी सांगितल्याप्रमाणे, एक डोळा मिटून. वारा नव्हता. आम्ही वाट बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला, "अगं... दोरी कोण ओढणार?"

हॉस्पिटलात, स्मशानात, दिव्याच्या रिकाम्या खोलीत, कुठेही मला कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. मी कोनमापक खाली ठेवला आणि होते तिथेच गवतात बसले. पलीकडे हेही बसले. मधे बाटली उभी होती, हवेने गच्च भरलेली.