वलगावच्या मताचा अंदाज

मंडळी, आजचा एक्झिट पोल मला चार तास, तीन कप चहा आणि एका मताला पडला.

मतदान केंद्रापासून लांब एक सर्वेवाली पोरगी मतदारांना मत कोणाला दिलं ते विचारत होती. मी म्हटलं, "ताई, वीस वर्षं हातगाडीवर भाजी विकली. वलगावचं एकही मत माझ्या कानातून सुटत नाही." अन् तिथंच ठाण मांडलं.

रहीमचाचा मतदान करून आले. "चाचा, कोणाले देलं?"

"जो निवडून येईन त्याले!"

मागून वच्छलाकाकू. "घरच्या मालकाले नाई सांगतलं, तुले काहून सांगू?"

पोरीचा कागद कोराच. मी म्हटलं, कोराच पाठव! आमचं मत आमचं आहे, टीव्हीवाल्यांचं नाही. मंडळी, तुम्ही तरी खरं सांगता का?

सहाला केंद्राचं दार बंद झालं. माझ्या बोटाला शाई नव्हती.