पोह्यांआधी रिपोर्ट

आमच्या घरात पत्रिका नाही. पणजोबा विदर्भातून पलटणीत भरती होऊन महूला आले. पुढे घर बौद्ध झालं तेव्हा पंचांग, मुहूर्त, मंगळ, सगळ्यांना एकदमच नारळ मिळाला. बाबांना याचा केवढा अभिमान! कुणाच्याही लग्नाचा विषय निघाला की ताठ बसून सांगतात, "आपल्यात काही जुळवत नाहीत."

न जुळवता झालेल्या त्यांच्या स्वतःच्या लग्नात नेमकी एक गोष्ट जुळली होती. आईच्या रक्तात अर्धा सिकलसेल, बाबांच्या रक्तातही अर्धा. अर्ध्याने काही होत नाही, दोघंही ठणठणीत. मीसुद्धा त्यांच्यासारखीच अर्धी. धाकट्या भावाच्या वाट्याला मात्र दोन्हीकडचं आलं.

रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणूस वेदनेने कळवळतो. थंडी पडली की भावाचे गुडघे आणि पाठ धरायची. आई गरम तेल चोळत बसायची आणि शेजारीपाजारी म्हणायचे, शाळा बुडवायचे बहाणे आहेत. मला त्यांचा असा राग यायचा! शेवटी एका डॉक्टरबाईंनी त्याला तपासता तपासता विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" विदर्भ म्हटल्यावर त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. नंतर समजावून सांगितलं की जिथे पूर्वी मलेरियाने माणसं पटापट मरायची, तिथे अर्ध्या रक्ताची माणसं तगली, म्हणून हा आजार काही पट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून आहे. विदर्भात आहे, इकडे झाबुआ-अलीराजपूरकडेही आहे. गाव सोडून आम्हाला इतकी वर्षं झाली, पण गावाने आम्हाला सोडलं नव्हतं.

माझ्यासाठी स्थळं यायला लागली तशी घरात एक नवीच पद्धत पडली. अन्नपूर्णा भागातल्या आमच्या फ्लॅटवर पाहुणे येणार म्हटलं की भावाची रवानगी छत्रीबागेत मावशीकडे. तो पाण्याची बाटली आणि गोळ्या पिशवीत टाकून निमूट निघायचा. दुसऱ्यांदा तो तसा निघाला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी जाहीर केलं, पुढच्या वेळी हा समोर सोफ्यावर बसेल, आणि मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट पोह्यांच्या आधी पाहिजे.

बाबा उखडले. "आपण पत्रिका नाही जुळवत, अन्‌ तू खून जुळवणार? हा पण अंधविश्वासच झाला ना!"

"मंगळामुळे कुणाला अ‍ॅडमिट करावं लागत नाही, बाबा."

आईने मधला मार्ग काढला. "अगं, पहले त्यांना हो तर म्हणू दे. मग बोलून टाकू."

"मग बोलणं म्हणजे फसवणं झालं, आई. मी नाही करणार."

पुढचं स्थळ नागपूरकडचं निघालं. पाहुणे आले, पण रिपोर्ट आणला नव्हता. मी पोहे ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मुलाची आई ताठरली. "आमच्याकडे असलं काही नाही हो." मुलाने मात्र पोह्यांवर आणखी जिरावन मसाला मागून घेतला आणि समोर बसलेल्या माझ्या भावाला विचारलं, "दुखतं तेव्हा काय करतोस?" दोघं बराच वेळ बोलत बसले. जाताना तो म्हणाला, "उद्याच रक्त देतो तपासायला."

मला तो आवडला. खूपच आवडला. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही रोज फोनवर बोलत होतो आणि मी मनात संसार मांडूनही बसले होते.

तोही अर्धा निघाला.

दोघं अर्धे असले की दर बाळंतपणाला बाळाला पूर्ण आजार होण्याचा चारात एक धोका. डॉक्टरबाई म्हणाल्या, लग्न करू नका असं मी म्हणत नाही, पोटात असतानाही तपासता येतं. तो म्हणाला, रस्ता निघेल. पण पोटातल्या जिवाला तपासून "तू नको" म्हणणं मला जमलं नसतं, आणि न तपासता पुन्हा तेच कळवळणं बघणंही. हे मी त्याला फोनवर सांगितलं आणि नाही म्हटलं. नंतर उशीत तोंड खुपसून पोटभर रडले. पण निर्णय बदलला नाही.

त्या आठवड्यात बाबा कुणाशी तरी फोनवर बोलताना ऐकू आले, "भिया, बायोडाटा नंतर पाठवा, आधी रिपोर्ट." आई माझ्याकडे बघून हसली. भाऊ हसला नाही. माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला.

"ताई, आई-बाबांनी असा रिपोर्ट बघितला असता तर मी नसतोच ना?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

"नसतास," मी म्हटलं. "आणि मीही नसते."

त्याने हे बहुतेक कधी हिशेबात धरलंच नव्हतं. बाटलीतलं पाणी प्यायला आणि टोपण घट्ट लावलं.

"पुढचे पाहुणे आले ना, तर त्यांना मी सांगीन," तो म्हणाला. "तू पोहे बघ."